सोमवारच्या दुपारचा ठेका

९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्काराची ओळ नंतर कधी लिहीन, आधी मुद्द्याचं. तुझं पत्र पोचलं. चार वर्षांनी चार पानं आली, म्हणजे वर्षाला एक पान पडलं. इतक्या लांब राहणाऱ्या माणसाकडून एवढंही खूप झालं. फोनवर तू ‘हो, हो’ म्हणत विषय बदलतोस, त्यापेक्षा पत्र बरं. कागदावर पळ काढता येत नाही.

आपली रेकॉर्ड पुन्हा निघतेय! वाचलं आणि संगीतशाळेच्या शिक्षकांच्या खोलीत मी एकटीच टाळ्या वाजवल्या. व्हायोलिनच्या बाई दचकल्या. एकतीस वर्षं झाली रे. तू पियानोवर, लंबू त्याच्या त्या कपाटाएवढ्या उभ्या बास-व्हायोलिनमागे लपलेला, आणि ड्रमवर मी. सव्वीस वर्षांची होते. जॅझ वाजवणारी मुलगी बघायला लोक खुर्च्या वळवून बसायचे. कव्हरवरचा माझा फोटो शाळेच्या जिन्यात अजून लावलेला आहे. नवीन मुलं आधी फोटोकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात, आणि सभ्यपणे काही बोलत नाहीत.

तू तीन गोष्टी मागितल्यास. संमतीच्या कागदावर सही करीन, त्यात काय. जूनमध्ये माझी निवृत्ती आणि शाळेच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन एकाच दिवशी आहे. तेव्हा तू येणार आणि आपण ‘तो’ काठ्यांऐवजी तारांच्या ब्रशने वाजवलेला तुकडा पुन्हा वाजवायचा, तेही कबूल. तिसरी गोष्ट मात्र अडचणीची आहे. तो तुकडा मला कसा सुचला यावर दोन पानं लिहायची म्हणतोस. पण मी तो ऐकलाय कुठे? आपलं वाजवलेलं आपण ऐकायचं नाही, हा नियम तूच घातलास. रेकॉर्ड बाजारात आली त्या आठवड्यात तू म्हणालास, “स्वतःचं ऐकलं की माणूस स्वतःचीच नक्कल करायला लागतो. वाजवलं ते गेलं.” लंबूने मान डोलावली आणि मी तर कानाला खडाच लावला. कुणी ती रेकॉर्ड लावली की मी उठून बाहेर जाते. लोक याला नम्रपणा म्हणतात, मीही म्हणू देते. वर्गाच्या भिंतीवर ‘वाजवलं ते गेलं’ असं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, आणि तीस वर्षं पोरांच्या डोक्यात तेच भरतेय.

तर आता नियम करणाऱ्यानेच परवानगी द्यावी. एकदा ऐकू का?

तुझी,
टिकटिक

३ मार्च

प्रिय दादा,

माझं पत्र मिळाल्यावर पाच दिवसांत उत्तर! तुझी तब्येत बरी आहे ना? ‘अजिबात ऐकू नकोस, काहीही लिही, नियम तो नियम’ असं तीन तीनदा लिहिलंयस. अरे, नाही ऐकत. ओरडतोस काय.

दोन पानं आठवणीने लिहून काढली आहेत. बाबांपासून सुरुवात केली. सहा वर्षांची असताना त्यांनी मला रिकाम्या पत्र्याच्या डब्यांसमोर बसवलं, आणि जेवायच्या टेबलावर सतत बोटं वाजवते म्हणून ‘टिकटिक’ नाव ठेवलं. हॉटेलच्या बँडमधून घरी आले की बूट काढायच्या आधी विचारायचे, “आज किती वेळ बसलीस?” मग त्यांची बोटं आखडायला लागली, त्यांनी बँड सोडला आणि त्यांच्या जागेवर मला नेऊन बसवलं. मॅनेजर म्हणाला, “मुलगी?” बाबा म्हणाले, “डोळे मिटून ऐका.” तिथून आपली तिघांची मंडळी, मग रेकॉर्ड, मग शाळा. हे सगळं लिहिलंय. शाळेत मुलाखतीला गेले तेव्हा मुख्याध्यापकांनी एकच प्रश्न विचारला होता, “त्या रेकॉर्डवरच्या तुम्हीच ना?” मी हो म्हटलं आणि नोकरी मिळाली.

ब्रशची गोष्टही घातलीय. शनिवार-रविवार आपण रेकॉर्डिंग केलं आणि सोमवारी दुपारी बाबा म्हणाले, “तुझे ब्रश दे इकडे, तारा वाकल्यात, सरळ करून आणतो.” मी त्यांना शर्टाला इस्त्रीही करून दिली. संध्याकाळी ब्रश परत आले ते एकेक तार केसासारखी सरळ. गुरू असावा तर असा, म्हणून ही गोष्ट मी दरवर्षी पोरांना सांगते.

आता एक काम आहे. शनिवारच्या वर्गात माझ्याकडे एक दाताचे डॉक्टर येतात. पंचेचाळिशी ओलांडली आहे, हात लाकडासारखे, पण कान भलताच तीक्ष्ण. त्यांनी तो तुकडा ठोका न ठोका ऐकून कागदावर उतरवला. मग मला विचारतात, “मॅडम, दर काही वेळाने एक बारीकसा ‘टक’ येतो, धातूवर धातू लागल्यासारखा. तो कशाने काढता? मी घरी चमच्याने करून पाहिला, बायको रागावली.” मी म्हटलं, “डॉक्टर, मी कसलाही टक काढत नाही, फितीत दोष असणार.” तेव्हा तुझ्या कंपनीला सांग, नवीन काढताय तर तो टक साफ करून घ्या.

टिकटिक

११ मार्च

दादा,

ऐकली.

डॉक्टर ऐकायला तयारच नव्हते की तो दोष आहे. “दोष असता तर कुठेही आला असता, हा बरोबर ठोक्यावर येतो,” म्हणाले. दात बघून बघून माणसाला कीड बरोबर सापडत असावी. भरदुपारी, वर्ग रिकामा असताना, त्यांनी आणलेल्या यंत्रावर मी ती रेकॉर्ड लावली आणि पहिल्या मिनिटातच टक आला.

ती बाबांची अंगठी आहे.

मला सांगू नकोस की नाही. उजव्या हाताच्या बोटातून ती निघत नव्हती, बोट सुजलेलं होतं, आणि ब्रश फिरवताना ती ड्रमच्या लोखंडी कडेला लागायची. आई म्हणायची, मला डोळे बांधून उभं केलं तरी हा माणूस कुठे वाजवतोय ते मी सांगेन. मी तो टक बोलायला शिकायच्या आधीपासून ऐकलाय. माझ्या हातात कधीच अंगठी नव्हती. आहे का त्या फोटोत? बघ तुझ्याकडे असेल तर.

सोमवारी दुपारी ते माझेच ब्रश घेऊन तुमच्याकडे आले होते. तारा सरळ करायला नाही. मी इस्त्री केलेला शर्ट घालून माझ्या जागेवर बसायला. आणि मी ही गोष्ट तीस वर्षं गुरुभक्तीची म्हणून सांगत आले.

आणि तो नियम! केवढा उदात्त वाटला होता मला. तिघांत दोघांना माहीत होतं की तो नियम फक्त तिसरीसाठी आहे. लंबूने मान डोलावली ती याच्यासाठी. मी जिन्याने खाली पळत होते, कानात बोटं घालून, स्वतःच्या मोठेपणावर खूश होऊन. तुम्ही दोघं मला हसत होतात का रे?

तुला उत्तर द्यायला पाच दिवस लागतात हे मला आता ठाऊक आहे.

२ एप्रिल

दादा,

पत्राऐवजी तू फोन केलास. मी ठेवून दिला. लिही.

लंबूकडे जाऊन आले. त्याच्या घराचं दार उघडायला आता त्याची सून येते. तो खिडकीपाशी बसून भाजी निवडत होता. मला बघून उठायला लागला, तेवढ्यात मी म्हटलं, “बस. सोमवारी दुपारी कोण वाजवत होतं?” त्याने भाजीची जुडी खाली ठेवली.

“अगं, मला वाटलं, दादाने तुला नंतर सांगितलं असेल.”

“नंतर म्हणजे कधी? एकतीस वर्षं म्हणजे नंतरच झालं की.”

“मला कुठे विचारलं होतं कुणी? मी बासवाला. सांगितलं बस, बसलो. सांगितलं वाजव, वाजवलं.”

मूग गिळून बसायची त्याची जुनीच सवय. पण डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या, हेही लिहिते, खोटं कशाला बोलू. मी त्याला विचारलं, “शनिवारी आणि रविवारी मी वाईट वाजवलं होतं का?” तो म्हणाला, “ते मला विचारू नकोस. चांगलं म्हटलं तर तू म्हणशील मन राखतोय. दादाला विचार, बाबांशी तोच बोलला होता.”

म्हणून तुला विचारते. मला एवढंच हवंय, दुसरं काही नाही. मी वाईट वाजवलं होतं का?

हे का विचारतेय ते तुला कळणार नाही, कारण तू तेव्हा निघून गेला होतास. रेकॉर्ड गाजली, तुला परदेशातून बोलावणं आलं. मलाही दोन बँडनी विचारलं होतं. मी बॅग भरायला घेतली होती. तेव्हा बाबा खोलीत आले, पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, “टिकटिक, आता शिकव. तुझ्यात शिक्षक चांगला आहे. वाजवणं पुरे.” मला वाटलं, शिखरावर असताना उतरायला सांगतायत, केवढा विचार करतायत माझा! दोन्ही बँडना मी नाही कळवलं. त्यानंतर मी लोकांपुढे एकदाही वाजवलं नाही. वर्गात दाखवायला वाजवते तेवढंच.

मी रंगमंच सोडला तो बाबांच्या शब्दावर. तो शब्द त्यांनी कशाच्या आधारावर दिला, ते मला कळायला हवं. मी खरंच कच्ची असेन तर तसं लिही. सत्तावन्नाव्या वर्षी तेवढं पचवता येतं. तीस वर्षं पोरांना तोंडावर सांगत आलेय, हात जड आहे, लय पळते, पुन्हा वाजव. मला तेवढंच कुणी सांगितलं नाही.

आणि गोड बोलू नकोस. तुझं गोड बोलणं मी ओळखते.

२८ एप्रिल

दादा,

सहा पानं लिहिलीस आणि ताकास तूर लागू दिली नाहीस. शाबास!

रेकॉर्ड कंपनीचा तो माणूस मला आठवतो. पिवळा टाय, सारखा घड्याळ बघायचा. रविवारी संध्याकाळी तो तुला म्हणाला, “फोटो मुलीचा हवा, हात पुरुषाचा हवा. बाई वाजवतेय म्हटलं की ऐकणारे आधीच नाक मुरडतात.” तू लिहितोस, तुझा नाइलाज होता. त्याचं ऐकलं नसतं तर रेकॉर्डच निघाली नसती, मग आपण तिघंही घरी बसलो असतो. असेल. मला त्या माणसाचा रागसुद्धा येत नाही. तो माझा कोण लागत होता?

मग लिहितोस, फीत एकच होती म्हणून सोमवारचं वाजवणं शनिवार-रविवारच्या वरच घेतलं. म्हणजे माझं पुसलं गेलं. हे तू चौथ्या पानाच्या तळाशी, हवामानाच्या वर, एका ओळीत लिहिलंयस. मी ती ओळ तीनदा वाचली. मनात कुठेतरी होतं की ती फीत एखाद्या कपाटात असेल, मी ऐकेन आणि माझं मलाच कळेल. आता तेही नाही. एवढ्या मोठ्या जगात माझं त्या दोन दिवसांचं वाजवणं ऐकलेली दोनच माणसं उरली, त्यातला एक भाजी निवडतो आणि दुसरा सहा पानं लिहितो.

तू लिहितोस, ‘बाबांनी तुझ्यासाठीच केलं.’ तू लिहितोस, ‘नाव तर तुझंच ठेवलं ना?’ तू लिहितोस, ‘त्या नावावर तुला नोकरी मिळाली.’ चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. मी नाव मागितलं नव्हतं. मी वाजवलं होतं.

शाळेत सांगितलं. मुख्याध्यापकांना, मग शनिवारच्या वर्गाला. वाटलं होतं, सगळे उठून जातील. डॉक्टरांनी हात वर केला. “मग मॅडम, आम्हाला इतकी वर्षं शिकवलंत ते कोणाचं?” मग लक्षात आलं, ती रेकॉर्ड मी ऐकलीच नव्हती. म्हणजे तिच्यातलं एकही अक्षर मी कुणाला शिकवलेलं नाही. म्हटलं, “ते माझं.” ते म्हणाले, “मग चला, तास सुरू करा.” आणि झाला सुरू.

पण माझा प्रश्न तिथेच आहे. बाबा असे कुणी सांगितलं म्हणून उठून जाणारे नव्हते. ज्या माणसाने मॅनेजरला डोळे मिटून ऐकायला लावलं, तो पिवळ्या टायचं ऐकून माझ्या जागेवर बसेल? तू त्यांना काहीतरी सांगितलंस. काय सांगितलंस?

आणि मी वाईट वाजवलं होतं का? एक शब्द पुरे.

२३ मे

दादा,

तुझं पत्र सोमवारी आलं. आज शुक्रवार आहे. चार दिवस ते माझ्या ड्रमच्या खुर्चीवर पडून होतं आणि मी उभ्याने शिकवत होते.

‘सुरेख वाजवलं होतंस,’ असं लिहिलंयस. ‘रविवारी तुझा हात असा लागला होता की मीच दोनदा चुकलो आणि लंबू वाजवता वाजवता हसायला लागला.’ याच्यावर मी विश्वास ठेवला नसता. पण त्याच्या खाली जे लिहिलंयस ते कुणी गोड बोलायला लिहीत नाही.

बाबा दोनदा नाही म्हणाले. पोरीच्या जागी बसणार नाही, म्हणाले. तेव्हा तू त्यांना सांगितलंस की ती दोन्ही दिवस घसरली, ठेका सुटला, तिचं तिला कळलंही नाही, आणि ही रेकॉर्ड अशी निघाली तर लोक तिला हसतील. तिची लाज राखा, नाव तिचंच राहील, तिला कधी कळू द्यायचं नाही. मग बाबा शर्टाची बटणं लावायला लागले. शर्टाच्या बटणांपर्यंत सगळं तुला आठवतंय. धन्य आहे तुझी.

त्यांचाही राग येतो मला. सहाव्या वर्षापासून सव्विसाव्यापर्यंत माझा हात त्यांच्यासमोर घडला, त्यांनीच घडवला, आणि तुझं एक वाक्य त्यांना पुरलं. निदान ‘मला ती फीत ऐकवा’ एवढं तरी म्हणायचं होतं. पण ते मला खाली ओढायला बसले नव्हते, झाकायला बसले होते. दुखऱ्या बोटांनी. म्हणून राग पुरता येत नाही आणि धड जातही नाही.

तुझा मी काय करू? आपलेच दात, आपलेच ओठ. पण दातांनी निदान ओठ चावल्याचं कबूल तरी करावं, एकतीस वर्षं हसत बसू नये. मी वाईट वाजवलं असतं तर तुझं वागणं मला समजलं असतं. तुला माहीत होतं मी चांगली वाजवते, आणि तरी तू बोललास. माझा पराभव झाला असता तर मी तो घेतला असता. तू तो बनवून बाबांच्या हातात दिलास.

सहीचा कागद परत पाठवतेय. माझं नाव खोडलंय आणि तिथे बाबांचं लिहिलंय. फोटो ठेवा किंवा काढा, त्यात मी हसतेय, माझी हरकत नाही. दोन पानं मात्र छापायची नाहीत. ती मी फाडली.

जूनमध्ये मी वाजवणार आहे, लोकांपुढे, नव्या सभागृहात. लंबू येतोय. त्याची बोटं चालत नाहीत म्हणतो, पण येतोय. पियानोवर शाळेतल्याच एक बाई बसतील. तू तिकीट काढलं असशील तर रद्द कर. पत्रिका पाठवत नाहीये.

शेवटी तू लिहिलंस, ‘सांगून टाकलं, मन हलकं झालं.’ झालं असेल. तू ते मला सांगितलंस, आणि मी तर जिवंत आहे, मी पुन्हा बसेन, वाजवेन, माझं मी बघून घेईन. पण बाबा त्या सोमवारनंतर बारा वर्षं जगले. बारा वर्षं रोज सकाळी आम्ही समोरासमोर बसून चहा प्यायलो. मी शाळेतल्या पोरांच्या गमती सांगायचे आणि ते म्हणायचे, “छान शिकवतेस.” वाजवण्याबद्दल त्यांनी कधी एक शब्द काढला नाही. मला वाटायचं, वय झालं, विसरले असतील. ते जपत होते मला. तुला तिथून एक फोन करायचा होता, दादा. ‘बाबा, मी खोटं बोललो, ती चांगली वाजवते.’ दोन मिनिटांचं काम होतं. ते गेले तेव्हा मी उशाशी होते. त्यांनी माझा हात धरला होता, बोटं चाचपत होते. त्यांच्या लेखी तो एका कच्च्या राहिलेल्या मुलीचा हात होता. हे आता तू कुणाला सांगून दुरुस्त करणार आहेस?

तुझी बहीण